शेवटची वीत

विल्फ टफनेलच्या बिस्किटांच्या डब्यात
चार रिळं, आणि एक कात्री,
जी दुसऱ्या कशालाही लावायची नाही, अगदी कागदालासुद्धा.

केंटमधलं हे तळं मुळात खडीची खाण.
यंत्रं गेली, पाणी भरलं, पाण्यामागून कार्प आले
आणि कार्पांमागून आम्ही,
घडीच्या खाटा, हिरव्या छत्र्या घेऊन,
घरी काहीबाही सांगून.

"शंभर वार दोरा फेकतेस," तो म्हणाला पहिल्याच रात्री,
"पण माशाशी बोलणं होतं ते शेवटच्या वीतभरात.
बाकी सगळा टपालखर्च."
मी पोस्टात आहे, म्हणून हे मला मुद्दाम.

मग ती वीत कशाची?

विणलेला दोरा मऊ. गाळावर पसरतो
झोपलेल्या मांजरीच्या शेपटीसारखा, माशाला संशय येत नाही.
पण फेकताना स्वतःलाच गुंडाळतो,
आणि रात्रभर तुम्ही एका गुंत्यावर पहारा देत बसता,
ते सकाळी कळतं.

फ्लुरोकार्बन ताठ. पाण्यात दिसत नाही,
वळत नाही, ऐकत नाही.
मासा आमिष ओढतो, दचकून थुंकतो,
तेव्हा हा ताठपणा आडवा येतो, गळ ओठातच राहतो.

तिसरा सालीचा. आत मऊ, वरून कडक.
गळाजवळची बोटभर साल नखाने काढायची.
विल्फ बत्तीस वर्षं केबलच्या कारखान्यात होता;
साल काढताना तो पाण्याकडे बघायचा, हाताकडे नाही.

आणि आमिष गळावर नाही!
गळामागे, केसाएवढ्या दोऱ्यावर, मोकळं.
मासा घेतो ते आमिष.
गळ नुसता सोबत येतो,
पाहुण्याबरोबर आलेल्या पाहुण्यासारखा.

"कुठे तुटावं ते आधी ठरव.
वर तुटलं तर बिचारा शंभर वार शेपूट ओढत फिरेल,
बुडालेल्या फांदीला अडकून मरेल.
तुटायचंच तर इथे. वीतभरात.
तेवढं नुकसान त्याला झेपतं."

या वसंतात त्याची बोटं थरथरू लागली.
कपातला चहा बशीत, बशीतला गवतावर.
आता मी बांधते, तो मोजतो.
बांधून झालं की गळ माझ्या तळहातावरून ओढतो:
उलटला, टोचला, की ठीक.
माझ्या पंजावर ठिपके आहेत, पत्रं वाटताना
लोकांना वाटतं कुत्रा चावला.

त्या रात्री तळ स्वच्छ होता, खडीचा.
"फ्लुरोकार्बन," तो म्हणाला. "आठ वेढे. एकही कमी नाही."
थंडी होती. मी सात घातले.
"आठ," तो म्हणाला, आणि कात्री पुढे केली.

अडीचला गजर वाजला.
काठी त्याच्या हातात दिली, मी कोपर धरलं,
आणि वीस मिनिटं ती थरथर
त्याची की माशाची, हे सांगता येईना.
जाळं पाण्यात उतरवलं होतं.
एक पाठ दिसली, ओल्या पितळेसारखी, रुंद,

आणि दोरा हलका झाला.

विजेरीच्या उजेडात त्याने टोक पाहिलं.
तुटलेलं टोक सरळ असतं.
हे डुकराच्या शेपटीसारखं वळलेलं:
म्हणजे तुटलं नाही, सुटलं.
हे त्यानेच मला शिकवलं होतं.

"बिनकाट्याचा गळ आहे," मी म्हणाले, "गळून पडेल दोन दिवसांत."
"पडेल."

मग बराच वेळ काही नाही. पलीकडे एक बदक.

"शेवाळ असेल," विल्फ म्हणाला.
आम्ही दोघांनी पाण्याकडे पाहिलं,
जिथे शेवाळ नव्हतं.

त्याने ते वळलेलं टोक डब्यात ठेवलं,
कात्रीशेजारी,
आणि डबा माझ्या गुडघ्याकडे सरकवला.
मी मोठ्याने मोजायला लागले.