एकशे बासष्ट पायऱ्या

वाल्पाराइसोच्या टेकडीवर आमचं केंद्र.
गुडघेदुखीच्या नव्या गोळीची चाचणी.
टेकडीवर नेणारी लिफ्ट मार्चपासून बंद,
कुठलासा सुटा भाग यायचा होता.

नव्वद जणांनी सह्या केल्या.
डॉक्टर लिसामा गोळी मोजून देत
आणि विचारत, "आज जरा हलकं वाटतंय ना?"
त्या "ना"ला नाही म्हणायचं
तर माणूस चांगलाच उद्धट असावा लागतो.
मी बाजूला बसून लिहायचे: हलकं.

जूनमध्ये समुद्रावरून धुकं आलं, दगड निसरडे झाले.
सप्टेंबरात एकावन्न उरले.
उरलेले तुरुतुरु चालत होते.
आलेख असा काही चढला
की कंपनीने केक पाठवला, वर साखरेचा गुडघा.
एकोणचाळीस नावांवर मी पट्टी धरून रेघ मारली.
शेरा: स्वतःहून सोडले.
माझं अक्षर वळणदार आहे, सगळेच म्हणतात.

त्या संध्याकाळी उतरताना
खालून सदतिसाव्या पायरीवर एउडोसिया सेपेदा,
चोवीस नंबर,
मांडीवर कांद्यांची पिशवी, एक बूट काढून ठेवलेला.
"येतच होते गं, ओतिलिया.
मे महिन्यापासून येतेच आहे.
इथवर येते, मग गुडघ्याची वाट बघत बसते."
थोडं थांबून, हळूच:
"बाकीच्यांना आला का गुण?"

मी हो म्हणाले.
माझ्या डब्यात त्या केकचा तुकडा होता.

पायऱ्या मी त्या दिवशी पहिल्यांदा मोजल्या.
रोज चढायचे, पण माझे गुडघे एकोणतिशीचे,
त्यांनी कधी हिशेब मागितला नव्हता.

सकाळी रेघ खोडायला गेले. शाई होती.
मग रेघेच्या डोक्यावर बारीक अक्षरात लिहिलं:
येते. सदतिसाव्या पायरीपर्यंत.

लिसामांनी चष्मा कपाळावर सरकवला.
"हे कुठल्या रकान्यात धरायचं?"
वाईट माणूस नव्हे.
त्यांची आई शेवटची सहा वर्षं खुर्चीत होती,
गोळी खरी ठरायला हवी होती त्यांना,
माझ्यापेक्षा, कंपनीपेक्षासुद्धा जास्त.

तसा रकाना नव्हताच.
मी पुन्हा पट्टी घेतली, या वेळी उभी धरली.

अडतीस पत्ते अजून बाकी आहेत.
सगळे उताराकडचे.