दोन पॉइंट दोन

गुरुवारी धायरीत लाइट नसते,
म्हणून खरेदी गुरुवारी.
हातगाड्या, तारेची वेटोळी, आडव्या शिड्या चुकवत
मी बोहरी आळीत मुस्तनसिरभाईंच्या काउंटरपर्यंत पोचले
आणि म्हणाले, दहा इंची पातं द्या. चांगलं.

ते जागचे हलले नाहीत.
"चांगलं म्हणजे कशाला चांगलं?"

भिंतीवर पाती टांगलेली. लाल, निळी,
एक सोनेरी मुलाम्याचं, माझी नजर तिकडेच.
"ते बघू नका. रंगानं कापत नाही."

मग प्रश्न, वैद्य नाडी धरून विचारतो तसे.
लाकूड? सागवान, जुनं.
उभं फाडणार की आडवं कापणार? उभं, सहा फूट.
मोटार? दोन हॉर्सपॉवर.
किती जुनी? माझ्या घटस्फोटाएवढी.

"मग ऐंशी दातांचं विसरा.
ते प्लायला, लॅमिनेटला, आडव्या कापाला.
उभ्या कापात भुशाला बाहेर पडायला जागा लागते,
दाटीवाटीत तो तिथंच जळतो.
कडेला काळा डाग, आणि शेडभर
करपलेल्या पोळीचा वास."
चाळीस दातांचं? सगळं करतं म्हणतात.
"करतं. माझा मेहुणाही सगळं करतो."

चोवीस दातांची दोन काढली त्यांनी,
वर्तमानपत्रावर शेजारी शेजारी ठेवली.
एकाचा काप तीन पॉइंट दोन,
दुसऱ्याचा दोन पॉइंट दोन.
मधल्या भोकात बोट घालून एकेक उचललं,
नखानं टिचकी मारली,
आणि आवाज विझेपर्यंत
आम्ही दोघं गप्प.
जाड पातं सरळ चालतं, थरथरत नाही.
पातळ कमी खातं, मोटारीला हलकं,
पण तापलं की लचकतं.
फरक एक मिलिमीटर. किंमत जवळपास तीच.

तेव्हा मी सांगितलं, जे सांगायचं नव्हतं.
लाकूड म्हणजे बाक आहेत,
मुंढव्याच्या एका बंद पडलेल्या शाळेचे,
भंगारवाल्याकडून घेतलेले, अकरा.
एका फळीवर कर्कटकानं कोरलंय
        घुले म. दि. ७ ब
आणि खाली, दुसऱ्याच कुणाच्या हातानं,
        मॅड
फळी नऊ इंची, गिऱ्हाइकाला पट्ट्या हव्यात निम्म्या.
माझी रेघ जाते घुलेच्या खालून,
मॅडच्या वरून.
मध्ये जागा तीन मिलिमीटर. तीही जेमतेम.

मुस्तनसिरभाईंनी चष्मा कपाळावर चढवला.
घुले कोण, ते विचारलं नाही.
ड्रॉवरमधून एक लोहचुंबक काढलं,
बिघडलेल्या स्पीकरचं, दोऱ्याला बांधलेलं.
"आधी हे फिरवा. बाकांत खिळे असतात,
डोकं मोडून आत राहिलेले.
एक लागला की चोवीसचे एकवीस."
याचे किती?
"याचे काही नाही. परत आणून द्या."

पातळ पातं त्याच वर्तमानपत्रात बांधलं.
"हळू ढकला. घाई व्हायला लागली
तर मोटार बंद करून मला फोन करा, मी ओरडतो."

शुक्रवारी लाइट आली.
त्या एका फळीतून सात खिळे निघाले
आणि शार्पनरचं पातं, गंजलेलं, एवढंसं,
फटीत कुणीतरी लपवून ठेवलेलं.
ते मी खिडकीत ठेवलं.

मग बटण. टिचकीचा तोच स्वर, क्षणभर,
लगेच मोटारीनं गिळला.
ढकलकाठी. सहा फूट.
सागाचा तेलकट वास,
त्यात शाईही होती असं मला वाटलं,
पण ते वाटणंच असेल.

दोन पट्ट्या झाल्या.
एकीवर घुले, पूर्ण, तुकडीसकट.
दुसरीवर माझी रेघ केसभर हलली असणार,
कारण म वरची चंद्रकोर गेली.
आता तिथं नुसतं
        मड
आहे, ज्याचा काही अर्थ लागत नाही.

चुंबक अजून माझ्याकडेच आहे.
येत्या गुरुवारी द्यायचंय.