निव्वळ वजन

कोचाबांबात, कांचा बाजाराच्या मागच्या अंगाला
माझा छापखाना: दीड खोली, एक म्हातारं जर्मन यंत्र
आणि बावीस प्रश्नांचा एक कागद.

मालाचं नाव. घटक, उतरत्या क्रमानं.
निव्वळ वजन. किती दिवस टिकेल.
शेवटी, बनवणाऱ्याचं नाव आणि परवान्याचा आकडा.
लोक कागद घेतात, चार घड्या घालतात, खिशात ठेवतात,
मग ती विजार धुवायला जाते.

सेवेरिनो मधवाल्यानं तिसरा कागद परत आणला
तो बरणीखाली ठेवलेला,
घटकांच्या ओळीवर गोल, चिकट डाग.
"मधात मध असतो, बाई. आणखी काय लिहू?"
मी डागाकडे पाहिलं. उत्तर तर दिलं होतं त्यानं.

फेलिपा आजी चिचा गाळते, मक्याची.
तिला लेबल म्हणजे थट्टाच.
"काठीला पांढरं फडकं बांधलं
की गावाला कळतं, आज माठ उघडला."
पण नातवाला बाटल्या सांताक्रूझला धाडायच्यात,
म्हणून विचारते: आजी, टिकेल किती दिवस?
"चांगली उतरली तर संध्याकाळपर्यंत."

आधी मला राग यायचा.
वाटायचं, लपवतात. वाटायचं, आळशी आहेत.
मग एकदा काटा पिशवीत घालून
मीच गेले एकीच्या स्वयंपाकघरात.
मीठ किती? "अंदाजानं."
अंदाज मी वाटीत झेलला, दहा वेळा:
चव्वेचाळीस ग्रॅम, चव्वेचाळीस, त्रेचाळीस, चव्वेचाळीस…
तिच्या मुठीला सगळं ठाऊक होतं,
फक्त माझा प्रश्न मुठीला विचारलेला नव्हता.

बासिलिया कोंदोरीचं तसं नव्हतं.
एकवीस उत्तरं, शाळेतल्यासारखी, रेघेला धरून.
माल: दोन रेमिख्यो यांचा तिखट ठेचा.
लोकोतो मिरची, टोमॅटो, किर्किन्याचा पाला, मीठ.
बाविसावी जागा कोरी.
फोन केला. "उद्या सांगते."
तीन आठवडे तिचा उद्या चालला होता,
आणि माझं यंत्र तिच्या लाल रंगावर अडलेलं.

गेले. ती दगडावर मिरच्या रगडत होती,
अर्धचंद्री वरवंटा डावीकडे, उजवीकडे, डावीकडे.
मी कागद काढला नाही.
बिया काढायला बसले.
पहिल्या पाटीभर काहीच बोललो नाही,
दुसऱ्या पाटीत ती म्हणाली,
"परवाना त्याच्या नावावर आहे."
वरवंटा डावीकडे.
"इकिकेला गेला बंदरावर, सात वर्षं झाली.
आधी पैसे यायचे, मग नाताळची कार्डं."
उजवीकडे.
"चव माझ्या आईची. हात माझे.
पण गिऱ्हाईक येतं ते 'रेमिख्यो द्या' म्हणत."

माझी बोटं पेटली होती. म्हटलं,
परवाना बदलता येतो. वेळ लागतो.
"आणि दुसरं नाव छापायला जास्त पडतात?"
नाही. तेवढेच पडतात.
तिनं हात धुतले, दोनदा, साबणानं,
माझं पेन मागून घेतलं
आणि चौकटीत न मावणाऱ्या अक्षरांत
स्वतःचं नाव लिहिलं, समासापर्यंत.

परवान्याला चार महिने लागले.
तोवर ठेचा बिनलेबलाचा विकला गेला,
काही गिऱ्हाइकं तुटली, हेही सांगायला हवं.

त्या रात्री मात्र मी विजयी मुद्रेनं घरी आले,
विसरून डोळा चोळला, नळाखाली पंधरा मिनिटं रडले,
आणि ओल्या चेहऱ्यानं कागद पाहते तर
निव्वळ वजनापुढे: साडेचारशे ग्रॅम.
एवढ्याशा बाटलीत?
पुन्हा फोन. बासिलिया, एक राहिलंच.
हे वजन बाटली धरून, की बाटली सोडून?

पलीकडे दगड घासल्याचा आवाज थांबला.
"धरूनच लिहिलं होतं," ती म्हणाली.
मग जरा वेळानं,
"थांब. सोडून किती भरतं, बघून सांगते."