वेस्ट कागद

गांधीबागेतल्या आमच्या प्रेसवर
फेब्रुवारीच्या बारा तारखेला दोन कामं येतात,
दरवर्षी, तासाभराच्या अंतरानं.

आधी जरीपटक्याचे लालवानी:
पाचशे कार्डं, गुलाबी, मधोमध बदाम,
बदामात बाण. "बाण जरा सोनेरी पाहिजे, साई."
मग पंकज बावणे, गळ्यात उपरणं,
हजार पत्रकं: ही आपली संस्कृती नव्हे.
दोघांनाही माल उद्या सकाळी हवा असतो.
दोघंही अर्धेच पैसे देतात.

पत्रकात संस्कृतीला पहिली वेलांटी होती.
मी दुसरी दिली.
"एवढ्यानं काय फरक पडते, काका?"
"पडते ना, बाबू. तिच्या नावानं बोंबलून राहिला,
तर तिचं नाव तरी धड लिही."
तो हसला. जाता जाता म्हणाला,
"तुमचं मत काय या बाबतीत?"

मत.
छत्तीस वर्षं दुसऱ्यांची छापतो आहे.
यंत्र जर्मनीचं, कलकत्त्याहून सेकंडहँड आलेलं,
दसऱ्याला त्याला झेंडूचा हार घालतो,
ते आजवर नको म्हणालं नाही.
त्यावर लग्नपत्रिका, गणपतीच्या पावत्या,
चौदा एप्रिलच्या मिरवणुकीची पोस्टरं, तेरवीची कार्डं.
शेषरावला एकच चिंता,
लाल शाई उशिरा वाळते.

ऑफसेटच्या आधी खिळे होते. शिशाचे, उलटे.
मी कंपोझिटर. सक्करदऱ्याला मुलगी पाहून आलो,
पाहिली म्हणजे काय,
पोह्यांची बशी धरलेली बोटं पाहिली.
दुसऱ्या दिवशी मालक जेवायला गेल्यावर
केसमधून चार खिळे उचलले:
कु, टिंब, द, काना.
दोऱ्यानं बांधून वरच्या खिशात.
लग्नापर्यंत दोन महिने. तीन शर्टांना काळे डाग,
आई म्हणे, धुतले तरी जात काऊन नाही?
ही कुठल्या देशाची रीत, मला ठाऊक नाही.
कुणी शिकवली नव्हती.

लग्नात कुंदानं उखाणा घेतला,
माझं नाव अख्ख्या मांडवासमोर, यमकात बसवून,
आणि बायका ओरडल्या, ऐकू नाही आलं, पुन्हा घे!
तिनं पुन्हा घेतलं. आधीपेक्षा मोठ्यानं.
त्यानंतर एकतीस वर्षं नुसतं "अहो".
खिळे तिला दिले तेव्हा म्हणाली,
"उलटं काऊन आहे हे?"
"छापल्यावर सुलटं होते."
"मग छापलं काऊन नाही?"
याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.
फुटाळ्यावर एकदा गेलो होतो आम्ही,
मधे तिची धाकटी बहीण, भुट्टा खात.

तर, छपाईत रंग जमेपर्यंत
खराब कागद सोडावे लागतात यंत्रातून,
तेच तेच, या कामाचे त्या कामाला.
रात्री अकराला माझ्या हातात एक असा आला:
खाली उमरेडच्या कुण्या चि. सौ. कां.चा मुहूर्त,
गोरज, सहा वाजून बेचाळीस मिनिटं,
त्यावर पंकजची ओळ,
आणि ओळीच्या शेवटच्या शब्दावर
लालवानींचा बदाम, ओला, गच्च भरलेला.
ही आपली संस्कृती
पुढचं वाचता येत नव्हतं.

शेषराव म्हणाला, "फेकू का?"
मी घडी न घालता घरी आणला.
कुंदानं चष्मा लावून पाहिला, हात लांब करून,
मग जवळ धरून.
"हे काय छापून ठेवलं जी?"
"काही नाही. वेस्ट आहे."
"शाई लागून राहिली हाताला."
"लाल उशिरा वाळते."
तिनं बोट पदराला पुसलं, पदर बघितला,
आणि कागद फळीवर अंथरला, मिसळणाच्या डब्याखाली,
छापलेली बाजू वर.

पंधराला सकाळी चौकात पोहे घेतले, तर्री मारके.
ठेलेवाल्यानं दिला तो कागद पंकजचाच होता,
वेलांटी बरोबर.
दोघांकडचेही अर्धे पैसे
अजून यायचे आहेत.