चार नंबरचं टेबल

ऑगस्टचा शेवटचा शनिवार. वेकफील्ड, चर्चमागचा हॉल.
भाजीचे वाफे भाड्याने घेणाऱ्या आम्हा लोकांचं
वार्षिक प्रदर्शन.
मिसेस ओल्डरॉइड चष्म्यावरून बघतात
माझ्या सात वांग्यांकडे
आणि अगदी मायेनं म्हणतात,
"ही चार नंबरवर, लव्ह. परदेशी."

एक नंबरवर 'आपल्या भाज्या'.
बटाटे, घासूनपुसून पाच-पाचच्या बशीत,
मुंजीतले बटू बसावेत तसे.
गाजरं हातभर लांब, ट्रेव्हरनं पाइपात वाळू भरून वाढवलेली.
माना दोऱ्यानं आवळलेले कांदे.
गावाचा अभिमान तो रुबार्ब, लालबुंद देठांची जुडी.
आणि ट्रेव्हरच्याच घेवड्याच्या शेंगा,
पट्टी लावून सरळ.

मी वांगी उचलते.
बोलत काहीच नाही, रांगेत माझ्यामागे भोपळा घेऊन
एक म्हातारा ताटकळलाय.

पण मनात तोंड सुटलेलं.
बटाटा अँडीजचा, बाई. गाजर काबूलकडचं, तेही जांभळं होतं.
रुबार्ब सायबेरियातून औषध म्हणून आला.
कांद्यानं पहिल्यांदा कुणाला कुठे रडवलं
हे तर कुणीच छातीठोक सांगत नाही.
आणि हे वांगं निघालं आमच्याकडून, वातिंगण नावानं,
इराणात बादिंगान झालं,
अरबांनी पुढे 'अल्' चिकटवला,
मग स्पेन, मग फ्रान्स, ज्याची जशी जीभ वळली तसं,
इथल्या दुकानात ओबर्जिन होऊन पोचेतो
माहेरचं अक्षर धड उरलं नाही.
(वैजयंतीची मी व्हिजी झाले, ते असो.)

सकाळीच मिरजेहून आईचा फोन.
"प्रदर्शनात वांगी? अगं, चातुर्मास चाललाय!"

आमच्या घरात एक खापरपणजोबा होते,
भाऊ विलायतेहून परतला तर
त्याचं पान त्यांनी ओटीवर वेगळं मांडायला लावलं.
समुद्र ओलांडला ना.
आणि त्याच घरात, त्याच एकादशीला,
बटाट्याची भाजी, रताळ्याचा कीस,
साबुदाणा, वर दाण्याचं कूट, हिरवी मिरची:
सगळी पंगत सातासमुद्रापलीकडची,
एकालाही कुणी प्रायश्चित्त विचारलं नाही.
उपाशी राहिलं ते वांगं.
कृष्णाकाठचं, घरचं, चार महिने दाराबाहेर.

इथे परदेशी, तिथे वर्ज्य.
मी बशीतलं एक वांगं हातानं पुसते,
उगाच,
त्यावर धूळ नसतानाही.

चार नंबरवर मी एकटीच,
तेव्हा पहिलं बक्षीसही माझंच.
पाच पौंडांचं कुपन आणि खताची पिशवी.

चार वाजता खुर्च्या उचलताना ट्रेव्हर आला.
एक वांगं तळहातावर जोखलं त्यानं,
जसा खाणीत कोळसा जोखत असेल.
"सोलायचं असतं का हे?"
नाही म्हटलं. चिरा द्यायच्या, देठ ठेवायचा.
देठ का, त्याला पटेना. धरायला, म्हटलं. मग पटलं.

जाताना त्यानं कोटाच्या खिशातून
चहाचा जुना डबा काढला.
आत घेवड्याचं बी, जांभळं, काळ्या ठिपक्यांचं.
बाप खाणीतून घरी आला की
आधी या वेलांना पाणी, मग स्वतःची आंघोळ;
आईची त्यावरून रोजची कटकट.
"खरं यॉर्कशायरचं बी आहे," म्हणाला, "जपून लाव."

मेक्सिको हा शब्द
माझ्या दातांपर्यंत आला होता.
लाल फुलांसाठी आधी लावायचे याला साहेबांच्या बागेत,
शेंग खायचं सुचलं फार पुढे, हेही.
मी दोन्ही गिळलं.
मे महिन्यात, धुकं-दव सरलं की लावीन म्हटलं.

घरी येऊन डबा खिडकीत ठेवला.
झाकणावर गाव नाही, देश नाही,
पेन्सिलीनं, गिचमिड, एवढंच:
डॅडचे.