समासात

आगरवाड्याचं मिठागर, एप्रिलचं ऊन
आणि माझ्या हातात आरोग्य केंद्राचा फॉर्म.
प्रश्न तिसरा: खोकताना, हसताना, ओझं उचलताना
कपडे ओले होतात का?

सगळ्या मिठाकडे बघू लागतात.
लाडूबाय म्हणते, "दिवसभर खाऱ्या पाण्यात आम्ही,
ओलं कुठलं कुठून, कोण सांगणार गे सिस्टर?"

बाळंतपणं? पाच.
एक होडीत, शापोऱ्याच्या मध्यावर.
परत कामाला कधी?
"बाराव्या दिवशी. मीठ काय थांबतं?"
टोपलीचं वजन, असा रकाना नाही.
मी समासात लिहिते: तीस किलो. कधी जास्त.
चुलीच्या धुराचा खोकलाही
समासातच.

मग द्वारकी, अगदी हळू:
"अंग बाहेर येतं माझं. संध्याकाळी, लिंबाएवढं.
निजले की आत जातं.
सहा वर्षं. घोव समजतो, मला तो नकोसा झाला."

मागून कुणीतरी: "माझंही."
मग आणखी एक.
अकराजणींत सात, आणि सातही
इतकी वर्षं एकेकट्या.

लाडूबाय पदर खोचते.
"बांध काय एका रात्रीत फुटतो?
कुर्ल्या आधी भोकं पाडतात.
पण बांध पाझरला की गाव धावतो चिखल घेऊन,
कुणी त्याला लाज नाही घालत."

मला शिंक आली.
मी पाय आवळले, सवयीनं.
तिनं पाहिलं. फॉर्म ओढून घेतला,
उलटाच धरला,
पेन चाटलं:
"हं. तुझं नाव काय लिहू?"