गुडघ्याचा महिना

हॅलिफॅक्सच्या बंदरावर धुकं उतरलं
की ऑफिसच्या खिडकीत काहीच उरत नाही,
फक्त भोंगा.
मी इथे पगार करते.
बावीस जणी, तीन कोच, दोन फिजिओ,
आणि मैदान राखणारा अँगस, ज्याला वाटतं
लीग त्याच्या गवतामुळेच उभी राहिली.

उद्घाटनाला बॅगपाइप होते, महापौर होते,
माइकवर कुणीतरी रडलंही म्हणे.
मी नव्हते. मी बँकेशी हुज्जत घालत होते:
बावीसातली बरीचशी खाती विद्यार्थिनींची,
एक तर आईबरोबर जोडखातं,
पगार या शब्दाची सवयच नसलेली.

कमीत कमी पगार किती, ते आता
करारात पहिल्या पानावर आहे.
आधी अकराव्या पानावर होतं,
पार्किंगच्या नियमांखाली.
मी ते वर आणलं. दोन बैठका लागल्या
आणि एका वकिलाशी अबोला.

चौऱ्याऐंशी साली मी लेफ्ट बॅक होते.
जर्सी पोरांच्या संघाची, जुनी.
नावं उसवून दिलेली,
पण माझ्या पाठीवर कुणा मॅक्लिऑडची
सुईची भोकं तशीच,
थंडी बरोबर त्याच अक्षरांतून आत यायची.
चर्चबाहेर पाय विकून आम्ही मंक्टनची बस केली.
तिथे एडनाचा घोटा मोडला.
टोपी फिरवली. टोपीत अकरा डॉलर,
थोडी चिल्लर, एक बटण.
एडना पुढे शिवणकामाला लागली.
ते बटण तिने ठेवलंय, असं ती म्हणते.
मला नाही वाटत.

तर, नोव्हेंबर अखेर. फोन.
मिरेल कोमो, आमची राइट विंगर,
सप्टेंबरात गुडघ्याचा लिगामेंट तुटलेली,
क्लेअरला बापाच्या घरी, पाय वर करून.
“लोर्ना, काहीतरी चुकलंय.
खात्यात पैसे आलेत.”

मागून बापाचा आवाज, भावांचे बूट,
सापळे रचल्याचा खडखडाट.
लॉबस्टरचा मोसम पहाटे उघडणार होता.
त्या घरात हिशोब समुद्राइतका जुना:
होडीवर गेलास तर वाटा,
नाही गेलास तर सूप.

“मी एक मिनिटही खेळले नाही या महिन्यात.”
“माहीत आहे.”
“मागच्याही नाही.”
“मागचेही आलेत. तू पाहिलं नाहीस.”

ती गप्प.
हातावर पोट असणारी माणसं जगभर असतात,
हिचं पायावर होतं,
आणि पाय उशीवर.
मी कलम वाचून दाखवलं, सावकाश,
आजारी माणसाला पेज भरवावी तसं.
“म्हणजे परत नाही करायचे?”
“नाही.”
“मग मी काय करू?”
“बर्फ लाव. वीस मिनिटं. मग काढ.”

फार नाहीत हो पैसे.
या शहरात भाडं गेल्यावर
उरतात ते मोजायला बोटं पुरतात.
निम्म्या जणी अजून संध्याकाळी
कुणाच्या तरी पोरांना शिकवायला जातात.
पुढच्या वर्षी प्रायोजक टिकला नाही तर,
हे वाक्य मी रोज अर्धंच ठेवते.

फोन ठेवता ठेवता ती म्हणाली,
“कागदावर पाठवशील? पोस्टाने?
पापा फोनमधला आकडा खरा मानत नाही.”

प्रिंटर नेहमीसारखा अडला.
अँगसने एक चापट मारली, चालला.
कागद गरम होता.
खेळलेली मिनिटं: शून्य.
त्याच ओळीत, उजवीकडे, पूर्ण रक्कम.
मी ती ओळ बोटाने दोनदा वाचली,
पाकिटावर पापाचं नाव आधी लिहिलं,
मग खोडून तिचं.